थांबण्याची किंमत

साठीनंतर डोंगरात सायकल घालायची हुक्की आली आणि आम्ही उभयता दुकानात शिरलो. "काका, कार्बनचं हँडल घ्या, शंभर ग्रॅम वाचतील!" पोरगा म्हणाला. वाचवायला माझ्या पोटाभोवतीच दहा किलो जादा होते, तेही फुकट!

मग गिअर. पुढच्या चक्राला ३२ दात, मागच्या सर्वांत मोठ्याला ५१. माझ्या तोंडात २६. "एवढे दात असले की चढ हलका जातो, काका."

तेवढ्यात ही म्हणाली, "अहो, चढ झेपला नाही तर ढकलत न्याल. उतारावर थांबली नाही तर?"

मी गप्प. हँडल साधंच ठेवलं. पैसे रुंद टायरांत आणि हायड्रॉलिक डिस्कब्रेकांत घातले.

पस्तीस वर्षं हिनं मला फुकट थांबवलं. त्या कामाची किंमत त्या दिवशी बिलावर वाचली.