‘काका, साइडला!’

चार वर्षं रनिंग शूज माळ्यावर पडून होते. मध्ये एकदा जोश आला, पहिल्याच दिवशी सलग ५ किलोमीटर हाणले आणि पुढचे दोन महिने नडगी धरून जिना उतरत होतो. यंदा चेकअपमध्ये शुगर काठावर आली, बायकोने रिपोर्ट फ्रिजवर चिकटवला. विषय संपला!

नव्याने सुरुवात करायला आजोळ निवडलं. येवला. पैठणीचं गाव, नाशिकहून दोनेक तास, आणि मुख्य म्हणजे ऑफिसमधलं कुणी बघणार नाही. संक्रांतीला गेलो आणि आठ दिवस मुक्काम ठोकला.

या वेळी फंडा सिंपल होता. जॉश क्लार्क नावाच्या अमेरिकन माणसाने १९९६ मध्ये नवशिक्यांसाठी ‘काउच टू फाइव्ह के’ हा प्लॅन काढला. पहिल्या आठवड्यात ६० सेकंद धावायचं, ९० सेकंद चालायचं, असं २० मिनिटं. तेही आठवड्यातून तीनदाच. ऐकायला पोरकट वाटतं. पण छाती लवकर तयार होते; नडगीचं हाड आणि टाचेमागची शीर मागे राहते. माझी गोची तिथेच झाली होती.

पहाटे मामी अंगणात सडा टाकत होती.
“एवढ्या थंडीत कुठं रे?”
“पळायला.”
“मग चहा घेऊन पळ की!”
घेतला.

गल्लीत एका घरात हातमागाची खटखट सुरू झालेली. वर तारांमध्ये पतंगांचे सांगाडे. येवल्यात संक्रांतीला तीन दिवस सगळं गाव आसारी घेऊन गच्चीवर असतं. नंतर पळणाऱ्याने मात्र मान सांभाळायची! नायलॉन मांजाला बंदी आहे, तरी एक धागा बरोबर गळ्याच्या उंचीवर लोंबत होता. तो गुंडाळून खिशात टाकला. पहिली पाच मिनिटं नुसता चाललो, वॉर्मअप आपोआप झाला.

नारंदी नदीकाठचं कोटमगाव, जगदंबेचं ठाणं, गावापासून साधारण ३ किलोमीटर. त्या रस्त्याला लागलो आणि मागून पोलीस भरतीची पोरं आली. त्यांना १६०० मीटर मारायचे असतात, जीव तोडून पळतात.
“काका, साइडला!”
काका? मी बत्तीसचा आहे! पाय आपोआप सुटले. जेमतेम विजेच्या चार खांबांपर्यंत त्यांच्यामागे गेलो, आणि नडगीत ती ओळखीची कळ. झक मारत थांबलो. उरलेला वेळ बोलता येईल एवढ्याच वेगाने काढला. शेजारी कुणी नव्हतं म्हणून स्वतःशीच बडबडत. एका आजोबांनी सायकल थांबवून बघितलं.

मधल्या दिवशी सुट्टी, म्हणून मुक्तिभूमीला चालत गेलो. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा येवल्यातच केली. तिथे घड्याळाकडे लक्षच गेलं नाही.

तिसऱ्या रनला पोरं पुन्हा आली. या वेळी मी आधीच साइडला होतो. एकाने जाता जाता अंगठा दाखवला.

निघायच्या दिवशी थोडं पळत, बरंचसं चालत कोटमगाव गाठलं. २७ मिनिटं. नडगी गप्प होती. देवीला नमस्कार केला, नारळ घेतला आणि परतीला सरळ रिक्षा पकडली.