गाडीला 'नॅनो' कवच, घरच्या घरी

मैत्रिणींनो, गाडीचा विषय निघाला की आपण बायका चहा टाकायला आत जातो. मीही जात असे. पण गेल्या पाडव्याला आमच्या सोलापूरच्या घरी गडद निळी गाडी आली आणि विक्रेत्यानं 'नॅनो सिरॅमिक कोटिंग'चे वीस हजार वेगळे सांगितले, तेव्हा मात्र मी जागची हलले नाही. तेवढेच पैसे सासूबाईंच्या दुसऱ्या डोळ्याच्या मोतीबिंदूसाठी बाजूला काढलेले होते. हे म्हणाले, "डोळ्याचं दिवाळीनंतर बघू. नव्या गाडीचा रंग गेला तर?" मी म्हटलं, "आधी ऑपरेशन. गाडीचं मी बघते." बोलून गेले खरी!

आता हे कोटिंग म्हणजे काय, तर वाळूत असतं ना सिलिका, तेच ज्यातून तयार होतं अशी संयुगं द्रावकात मिसळून बाटलीत भरलेली असतात. द्रावक उडून गेला की रंगावर काचेसारखा थर उरतो, आपल्या केसापेक्षा कितीतरी पातळ. (केस ८० हजार ते १ लाख नॅनोमीटर जाड असतो म्हणे! आणि नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग.) त्या थरावर पाणी पसरत नाही, थेंब होऊन ओघळतं. आपल्याला हे अळूच्या पानामुळं ठाऊकच आहे. कमळाच्या पानाचं हे गुपित, म्हणजे बारीक उंचवटे आणि त्यांवरचं मेण, बार्थलॉट आणि नाइनहुइस या जर्मन शास्त्रज्ञांनी १९९७ साली सविस्तर मांडलं. गाडीवरचा थर मात्र गुळगुळीत असतो. तेव्हा अळूइतकी करामत त्याच्याकडून मागू नका. दगड उडाला, कुणी किल्ली ओढली, तर ओरखडा पडणारच. पाखरांची घाण लगेच पुसायची ती पुसायचीच. आणि आमच्यासारखं बोअरचं जड पाणी असेल, तर थेंब वाळून पांढरे डाग राहतातच.

मी पन्नास मिलिलीटरची बाटली मागवली. खरं काम कोटिंगचं नाहीच, त्याआधीच्या सफाईचं आहे. गाडी शांपूनं धुऊन कोरडी केली की हातात पातळ प्लास्टिकची पिशवी घालून पत्र्यावरून फिरवा. नवी गाडीसुद्धा रवा सांडल्यासारखी खरखरीत लागते! ते काढायला कणकेच्या गोळ्यासारखी 'क्ले' मिळते. पत्रा ओला ठेवून ती हलक्या हातानं फिरवायची. खाली पडली तर सरळ फेकून द्यायची, नाहीतर खड्यांनी ओरखडे येतात. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलनं तेलकटपणा पुसायचा. एवढ्यात माझी अर्धी सकाळ गेली.

आणि इथंच मी चुकले. हे यायच्या आत उरकायचं म्हणून अकराच्या उन्हात बॉनेटला हात घातला. एप्रिलातलं आमचं ऊन! दोन-दोन फुटांचा भाग घेऊन लावायचं, पेट्रोल सांडलेल्या पाण्यावर दिसते तशी इंद्रधनुष्यी झाक आली की कोरड्या मायक्रोफायबरनं पुसायचं, असं बाटलीवर लिहिलेलं. मी अख्खं बॉनेट एकदम माखलं. तापलेल्या पत्र्यावर ते पुसायच्या आत वाळलं आणि ढगांसारखे पट्टे उठले. तेव्हाच त्यावर पुन्हा थोडं ताजं कोटिंग लावून पुसलं असतं तर बहुतेक निघालं असतं. पण मी घाबरून गाडीवर चादर टाकली.

दुसऱ्या दिवशी चादर निघाली. डोळ्यानं अधू असलेल्या सासूबाईंनीच पहिल्यांदा विचारलं, "अगं, बॉनेटवर काय सांडलं?" ह्यांनी पाहिलं. काही बोलले नाहीत, आणि तेच मला जास्त लागलं. मी दुकानातून पॉलिश आणलं आणि संध्याकाळी सावलीत घासायला बसले. अर्ध्या तासानं हे बॅटरी घेऊन आले. "तिरका उजेड पाडला की पट्टे दिसतात," म्हणाले, आणि नऊ वाजेपर्यंत धरून उभे राहिले.

बाकीची गाडी आम्ही दोघांनी पहाटे सहाला केली, पत्रा गार असताना. हातमोजे घाला, काम मोकळ्या हवेत करा, आणि शेगडी-उदबत्ती जवळ नको. द्रावक पेट घेतो. नंतर एक दिवस गाडीला पाणी लागू दिलं नाही, आठवडाभर शांपू नाही. मायक्रोफायबरची फडकी लगेच वेगळी काढलीत तर बरं, कोटिंग वाळून ती कडक होतात आणि पुढं तीच ओरखडे काढतात. मी त्यातलं एक नकळत स्वयंपाकघरात आणलं होतं, ते सांगत नाही.

ऑपरेशन मे महिन्यात झालं. पट्टी निघाल्यावर सासूबाई अंगणात गेल्या, गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाल्या, "डाव्या कोपऱ्यात अजून आहे बरं का थोडं."

आहे. तळहाताएवढं. बाटलीत थोडं उरलंही होतं, पण एकदा उघडली की ती हवेतल्या ओलाव्यानं घट्ट होत जाते. म्हणून शेजारच्या वहिनींना हाक मारली आणि त्यांची स्कूटर करून टाकली. सावलीत.