परमुलखातील एक खाट

प्रवासाविषयी बोलताना आपण देवळे, समुद्र, डोंगर आणि राजवाडे यांविषयी पुष्कळ बोलतो. परंतु प्रवाशाने रात्री पाठ कोठे टेकली याविषयी फारसे बोलत नाही. वस्तुतः प्रवासाचे निम्मे सुखदुःख त्या एका प्रश्नावर अवलंबून असते. त्याचे उत्तर देणारे शब्द आपल्या भाषेत काही थोडे नाहीत. धर्मशाळा, छत्र, मुसाफिरखाना, डाकबंगला, लॉज असे कितीतरी आहेत. तथापि या साऱ्यांच्या अनुभवातून एक समजूत आपल्या मनात पक्की बसली आहे. जे स्वस्त ते कळकट असावयाचे, आणि जे नीटनेटके ते आपल्या ऐपतीबाहेरचे असावयाचे. वाचकहो, या समजुतीविरुद्ध साक्ष देणाऱ्या एका घराची हकीकत आज आपणांस सांगावयाची आहे.

ते घर थायलंडच्या दक्षिणेस फुकेत बेटावर, फुकेत शहराच्या जुन्या वस्तीत आहे. माझी भाची नोकरीनिमित्त बँकॉकला असते. जबलपूरच्या एका मुलींच्या शाळेत चौतीस वर्षे भूगोल शिकवून मी निवृत्त झाले, तेव्हा तिने मला महिनाभर आपल्याकडे बोलावून घेतले. मलाया द्वीपकल्पाची ती निमुळती मान मी फळ्यावर शेकडो वेळा काढली होती. ती एकदा प्रत्यक्ष पाहावी अशी माझी फार इच्छा. परंतु भाचीला रजा मिळेना. शेवटी ती म्हणाली, "मावशी, तू एकटीच जाऊन ये. मी तुझ्यासाठी तिथल्या हॉस्टेलात एक खाट राखून ठेवते."

खोली नव्हे, खाट! ही वार्ता जबलपूरला पोहोचताच धाकट्या दिरांचा फोन आला. "वहिनी, या वयात तुम्ही वसतिगृहात राहणार? आणि तेही एकट्या?" त्यांच्या स्वरात काळजी होती, आणि तीत थोडी लाजही मिसळलेली होती. हॉस्टेल म्हटले की आपल्याला विद्यार्थ्यांचे वसतिगृह आठवते, हे खरेच आहे. प्रवाशांच्या हॉस्टेलचा हिशेब मात्र निराळा असतो. तेथे खोली भाड्याने न देता खोलीतील एकेक खाट देतात. सहा किंवा आठ खाटांची एक खोली, स्नानगृहे सामाईक, बसण्याची जागा सामाईक. खर्च असा वाटला गेल्यामुळे माझ्या खाटेचे रोजचे भाडे साडेतीनशे बाट पडले, म्हणजे हजार रुपयांच्या आतच.

विमानतळावरून गावाकडे जाणारी बस वाटेत एका चौकाला वळसा घालते. त्या चौकात हाती तलवारी घेतलेल्या दोन स्त्रियांचा पुतळा आहे. १७८५ साली ब्रह्मी सैन्याने या बेटावर स्वारी केली, तेव्हा येथील अधिपती नुकताच निवर्तला होता. त्याची विधवा चान आणि तिची बहीण मूक या दोघींनी लोकांना धीर देऊन गाव लढवले आणि राखले. थायलंडच्या राजाने त्यांना मानाच्या पदव्या दिल्या. हा पुतळा १९६६ साली उभा राहिला. परक्या बेटावर एकटीने पाऊल टाकताना प्रथम या दोघींचे दर्शन व्हावे, याचे मला बरे वाटले.

फुकेतची कीर्ती आज समुद्रकिनाऱ्यांमुळे असली, तरी हे जुने शहर किनाऱ्याच्या वाळूवर वाढलेले नाही. ते वाढले कथलावर. ज्या कथलाची कल्हई आपल्या आया-आज्या पितळेच्या भांड्यांना लावून घेत, त्या कथलाच्या खाणी या बेटावर होत्या. एकोणिसाव्या शतकात दक्षिण चीनमधील फुजियान प्रांतातून मजूर आणि व्यापारी येथे मोठ्या संख्येने आले. ज्यांना पैसा लाभला त्यांनी घरे बांधली. येथील एका रस्त्याचे नाव 'दिबुक' आहे, आणि थाई भाषेत दिबुक म्हणजे कथील. पुढे १९८५ साली जगाच्या बाजारात कथलाचा भाव कोसळला, खाणी बंद पडत गेल्या, आणि बेटाने आपले पोट प्रवाशांवर सोपवले. खाणमालकांची आणि दुकानदारांची ती जुनी घरे आता चहाघरे, दुकाने आणि हॉस्टेले झाली आहेत.

माझे हॉस्टेल अशाच एका घरात होते. या घरांचे दर्शनी तोंड पाच-सहा मीटरच रुंद असते. आत मात्र ती आगगाडीच्या डब्याप्रमाणे लांबच लांब गेलेली असतात. पुढे दुकान, मागे व माडीवर संसार, आणि मधोमध आभाळाकडे उघडा असलेला चौक, अशी त्यांची रचना. उजेड, वारा आणि पावसाचे पाणी या चौकातून घरात येते. आपल्या वाड्यांतील चौकाची ज्यांना आठवण आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगावयास नको. रस्त्याच्या बाजूस कमानींची एक सलग पडवी असते. तिच्यातून चालत गेले, तर उन्हापावसात छत्री उघडण्याची गरज पडत नाही. १८२२ साली स्टॅम्फर्ड रॅफल्सने सिंगापूरच्या नगररचनेत घरांपुढे अशी पडवी सोडण्याचा दंडक घातला होता, आणि त्या भागातील अनेक गावांनी तो कित्ता गिरवला.

घराच्या नव्या मालकिणीने यातले काहीही मोडले नव्हते. जमिनीवरच्या जुन्या नक्षीदार फरशा तशाच ठेवून घासून लख्ख केल्या होत्या. भिंतीचा जेथे पोपडा उडाला होता तेथे तो लपविण्याचा आटापिटा न करता चुन्याचा साधा हात दिला होता. चौकात कुंड्या, एक लाकडी बाक, पुस्तकांची मांडणी, आणि पाहुण्यांनी आपली कपबशी आपणच धुवावी म्हणून मोरी. दारात पादत्राणे काढून ठेवावयाची. माझ्या खाटेला जाड सुती पडदा होता; आत वाचण्यापुरता दिवा, चष्मा ठेवण्यास फळी, आणि पायथ्याशी कुलपाची पेटी. खाटा एकावर एक अशा दोन मजली होत्या. माझे गुडघे लक्षात घेऊन भाचीने खालचीच मागून घेतली होती. या साऱ्यात महाग असे काही नव्हते. प्रत्येक वस्तू वापरणाऱ्याचा विचार करून ठेवलेली होती, इतकेच. सौंदर्याचा पुष्कळसा भाग या विचारातच असतो, असे मला तेथे वाटले.

आमच्या खोलीत सहा जणी होत्या. सत्तरी ओलांडलेली एक जर्मन परिचारिका, पिनांगहून आलेल्या दोन विद्यार्थिनी, एक अबोल जपानी तरुणी, मी, आणि थायलंडच्या ईशान्य भागातून नोकरीच्या मुलाखतीसाठी आलेली एक मुलगी. ती मुलगी रात्री पडद्याआड दिवा लावून पुटपुटत उत्तरे घोकीत होती. सकाळी तिने इस्त्रीचा पांढरा सदरा घातला आणि आरशापुढे उभी राहून आम्हां सर्वांकडे वळून पाहिले. आम्ही पाचही जणींनी, ज्याची त्याची भाषा निराळी असताना, एकाच अर्थाने माना डोलावल्या. ही मुलगी तेथे सहलीला आलेली नव्हती. स्वच्छ, सुरक्षित आणि परवडणारी एक खाट मिळाली, म्हणून तिला ती मुलाखत देता आली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी थलांग रस्त्यावर गेले होते. तेथे कापडाची काही दुकाने भारतीय वंशाच्या कुटुंबांची आहेत, आणि खाण्याच्या दुकानांत तव्यावर भाजलेली 'रोटी' त्याच नावाने मिळते. परत येते तो पावसाची मोठी सर आली. सकाळी धुतलेली माझी पाचवारी साडी चौकात वाळत होती. धावत पोहोचले, तर दोरी रिकामी! वर खोलीत जर्मन बाई आणि जपानी तरुणी माझ्या साडीची दोन टोके धरून, एकमेकींपासून पाच पावलांवर उभ्या राहून, तिची घडी कशी घालावी याचा गंभीरपणे विचार करीत होत्या. सर्वांचेच कपडे काढून त्यांनी ज्याच्या त्याच्या खाटेवर ठेवले होते. सामाईक घर चालते ते अशा वागण्यावर. दहानंतर दिवा मालवावा, मोठ्याने बोलू नये, स्नानगृह पुसून बाहेर यावे, हे नियम भिंतीवर लिहिलेले होते खरे. पण ते पाळले जात होते ते प्रत्येकीला दुसरीच्या झोपेची जाणीव होती म्हणून.

परंतु मला सर्वांत मोलाची वाटली ती गोष्ट याहून साधी आहे. मी पोहोचले तेव्हा फळीमागच्या मुलीने हात जोडले, पारपत्र पाहिले, नोंद केली, किल्ली दिली, आणि नाश्त्याची वेळ सांगितली. तिने आणखी काहीही विचारले नाही. हे एवढे लिहिण्याजोगे का, असे कदाचित आपल्या मनात येईल. त्यासाठी एक जुनी गोष्ट सांगावी लागेल. काही वर्षांपूर्वी यजमानांच्या अस्थी घेऊन मी आपल्याच देशातील एका तीर्थक्षेत्री गेले होते. गाडी उशिरा पोहोचली, दिवेलागण झाली. पहिल्या लॉजमधील गृहस्थ म्हणाले, "एकट्या बाईला आम्ही खोली देत नाही." दुसऱ्याने विचारले, "बरोबर कोण आहे?" त्या प्रश्नाचे खरे उत्तर माझ्या हातातील पिशवीत होते, ते मी दिले नाही. ती रात्र मी स्टेशनवरील स्त्रियांच्या प्रतीक्षालयात बसून काढली.

असा प्रसंग केवळ माझ्यावर आला असता, तर मी तो लिहिला नसता. परीक्षेसाठी, मुलाखतीसाठी, आजारी माणसाला भेटण्यासाठी आपल्या मुली आणि बायका आज गावोगाव जातात. त्यांच्यापुढे रात्रीचा प्रश्न तसाच उभा असतो. वास्तविक वाटसरूला आसरा देण्याची शिकवण आपल्याला परक्यांकडून घ्यावयाची नाही. अहिल्याबाई होळकरांनी देशभर घाट आणि धर्मशाळा बांधल्या. तंजावरच्या मराठे राजांनी रामेश्वराच्या वाटेवर छत्रे उभारून यात्रेकरूंच्या जेवणाची आणि निवाऱ्याची सोय केली. गाडगे महाराजांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा उभ्या केल्या, आणि हातातील खराट्याने गरिबाच्या निवाऱ्यालाही स्वच्छता हवी हे शिकविले. युरोपातील हॉस्टेलांची कल्पनाही रिचर्ड शिरमान नावाच्या एका जर्मन शाळामास्तरांचीच. १९०९ साली विद्यार्थ्यांसह पायी फिरताना वादळात सापडल्यावर त्यांनी एका शाळेत रात्र काढली, आणि गरीब मुलांसाठी ठिकठिकाणी अशी घरे असावीत हा ध्यास घेतला. पहिले कायमचे घर १९१२ साली आल्टेनाच्या जुन्या किल्ल्यात सुरू झाले. आपल्याकडेही आता यूथ हॉस्टेले आहेत, रेल्वेच्या विश्रामकक्षांत खाटा मिळतात, मोठ्या शहरांतून नव्या धर्तीची हॉस्टेलेही निघाली आहेत. पण ती गरजेच्या मानाने फार अपुरी आहेत.

या घरांची केवळ स्तुती करणे मात्र न्यायाचे होणार नाही. गावाला रूप येते तसे भाडे चढते, आणि पिढ्यान्पिढ्या राहिलेल्यांना ते जड जाऊ लागते. रोज पहाटे आम्ही उठण्याआधी चौक धुऊन काढणारी बाई ब्रह्मदेशातून पोटासाठी आलेली होती. माझी खाट साडेतीनशे बाटांत मिळते, यात तिच्या श्रमाचाही वाटा आहे. चौथ्या दिवशी मी तिला हात जोडले. तिने हसून खराटा बाजूला ठेवला आणि तसेच हात जोडले. शिवाय ज्यांना घोरणे ऐकवत नाही, किंवा ज्यांची प्रकृती नाजूक आहे, त्यांनी अशा सामाईक खोलीच्या वाटेस जाऊ नये हेच बरे.

वाचकहो, आपल्या घरात परीक्षेला निघालेली मुलगी असेल, किंवा मुलांची लग्ने उरकून आता थोडे जग पाहावे असे मनात आणणारी आई असेल, तर तिला "बरोबर कोण?" असे विचारण्यापूर्वी "राहण्याची सोय नीट झाली ना?" असे विचारावे. खोलीला आतून कडी आहे ना, स्त्रियांची खोली वेगळी आहे ना, रात्री कोणी जबाबदार माणूस जागे असते ना, हे तिच्याबरोबर बसून पाहावे, आणि मग तिला निश्चिंत मनाने निरोप द्यावा. आपल्यापैकी कोणाच्या हाती एखादी धर्मशाळा, भक्तनिवास किंवा संस्थेची रिकामी इमारत असेल, तर तिच्यात चुन्याचा एक हात, स्वच्छ स्नानगृह, पडदा लावलेली खाट आणि वाचण्यापुरता दिवा एवढे करावे. याला फार द्रव्य लागत नाही. दारात येईल तिचे नाव नोंदवून, अधिक चौकशी न करता तिच्या हाती किल्ली द्यावी, म्हणजे झाले.