स्वेद, वेपथु इत्यादी

मराठीतला 'घाम' हा शब्द संस्कृत 'घर्म'पासून आला, आणि 'घर्म' म्हणजे मुळात ऊन, उष्मा. उत्तरेकडच्या काही बोलींत 'घाम' म्हणजे आजही ऊनच. मराठीत मात्र कारणाचे नाव कार्याला मिळाले. ऊन राहिले बाजूला, आणि उन्हाने अंगावर जे येते तेच 'घाम' झाले. लक्षणा शिकवताना हे उदाहरण मी वर्गात अनेकदा दिले आहे. ऊन आणि घाम यांचे हे नाते आपण इतके गृहीत धरतो, की उन्हाळ्यात घामाघूम झालेल्या माणसाला कोणी कारण विचारत नाही. मला मात्र विचारावे लागते. तेही स्वतःलाच, आणि घाम वाळण्याच्या आत.

बारा वर्षांपासून मला मधुमेह आहे. त्यातली गेली सहा वर्षे सकाळ-संध्याकाळ इन्शुलिन. वय सत्तेचाळीस, म्हणजे पाळी जाण्याचा काळ. राहणे नागपुरात. या तीन गोष्टी एकत्र आल्या की एकाच कपाळावर तीन प्रकारचे घाम येऊ शकतात. पहिला उन्हाचा, सर्वांना येतो तो. दुसरा पाळी जाण्याच्या वयातला. छातीपासून एक झळ वर चढते, चेहरा लाल होतो, दोन-चार मिनिटांत मान भिजते आणि मग हुडहुडी भरल्यासारखे होते. तिसरा रक्तातली साखर एकदम उतरल्याचा. तो थंड असतो. पहिल्या दोघांना वारा आणि पाणी पुरते. तिसऱ्याला साखर लागते, आणि ती लगेच लागते, कारण उशीर झाला तर रुग्ण शुद्ध हरपू शकतो. तिन्ही घाम दिसायला सारखे, चवीला खारट. श्लेष अलंकारात एका शब्दाचे दोन अर्थ सुखाने नांदतात. इथे योग्य अर्थ वेळेत लागला नाही तर वाचकच कोसळतो.

हे मला पुस्तकातून कळले नाही. २०२२च्या एप्रिलमध्ये, करोनामुळे लांबलेल्या सत्रात, एम.ए.च्या वर्गाला मी साहित्यशास्त्र शिकवत होते. पारा चाळिशी ओलांडून गेलेला, वर्गातला कुलर आवाज भरपूर करणारा आणि वारा बेताचा. सकाळी इन्शुलिन घेतले होते. उन्हाळ्यात भूक मरते, त्यामुळे चार घास ताक-भात खाऊन निघाले होते आणि गाडी लांब लावावी लागल्याने भर उन्हात चालत आले होते. (अंग तापले की कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि टोचलेले इन्शुलिन नेहमीपेक्षा लवकर रक्तात उतरते, हे मला नंतर सांगण्यात आले. बारा वर्षे मधुमेह असलेल्या प्राध्यापिकेला ते आधी ठाऊक असायला हवे होते.) विषय होता आठ सात्त्विक भावांचा. स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, वेपथु अशी नावे मी फळ्यावर लिहीत गेले आणि सहाव्या नावापाशी थांबले. वीस वर्षे शिकवलेले नाव आठवेना. पाठीवरून घामाच्या धारा लागल्या होत्या. पदराने कपाळ पुसले, कोणाला तरी कुलरचे बटण वाढवायला सांगितले, वहीने वारा घेतला. मुलांनी पाण्याची बाटली दिली, ती निम्मी प्यायले. आवाज चिरकत होता आणि हातातला खडू थरथरत होता. सगळ्यांचे एकमत होते, माझेही होते, की मॅडमना ऊन लागले.

एकीला तसे वाटले नाही. मागच्या बाकावरून उठून ती आली आणि माझे मनगट धरून शेजारणीला म्हणाली, "मॅडमचा हात थंड आहे. उन्हानं हात थंड होते का?" तिची आई मधुमेही होती. ती धावत स्टाफरूममध्ये गेली, चहाच्या डब्यातली साखर पाण्यात ढवळून घेऊन आली आणि मी नको-नको म्हणत असताना (साखर उतरली की माणूस असाच हटवादीपणा करतो) तिने मला ते पाणी प्यायला लावले. पंधरा मिनिटांनी, साखर प्यायल्यानंतर, यंत्राने ६१ हा आकडा दाखवला. ७०च्या खाली धोका सुरू होतो. प्यायच्या आधी किती होती याचा विचार मी फारसा करत नाही.

सहावे नाव 'वैवर्ण्य', म्हणजे रंग उडणे. मुलींनी नंतर सांगितले की त्या वेळी माझा चेहरा पांढराफटक पडला होता.

त्या रात्री नाट्यशास्त्राचा सातवा अध्याय मी पुन्हा उघडला. स्वेदाच्या कारणांत भरताने क्रोध, भय, हर्ष, लज्जा यांच्याबरोबर रोग आणि ताप यांचीही नोंद केली आहे. ही यादी मी शिकवत आले होते, पण रोगाचा उल्लेख घाईने ओलांडून, कारण परीक्षेच्या दृष्टीने आणि काव्याच्याही दृष्टीने भय-हर्ष महत्त्वाचे. पुढे स्वेदाचा अभिनय कसा करावा तेही सांगितले आहे: पंखा हाती घ्यावा, घाम पुसावा, वाऱ्याची इच्छा दाखवावी. त्या दिवशी वर्गात मी हे तिन्ही केले होते. उन्हाच्या घामाचा माझा अभिनय इतका शास्त्रोक्त होता की प्रेक्षकांना शंका यायला जागाच उरली नाही. सत्त्व म्हणजे मनाची एकाग्रता, आणि तिच्याशिवाय हे भाव प्रकटत नाहीत, असा सिद्धांत आहे. माझ्या मनात त्या वेळी ना भय होते ना हर्ष. स्थायी भाव शून्य, आणि अनुभाव एकामागून एक हजर! आठवा 'प्रलय', म्हणजे मूर्च्छा, तेवढा त्या मुलीमुळे टळला.

आपल्या साहित्यातही घामाला प्रतिष्ठा आहे ती श्रमाची. निढळाचा घाम गाळून मिळवलेल्या भाकरीपुढे आपण नतमस्तक होतो, आणि ते योग्यच आहे. शृंगारातले घर्मबिंदू संस्कृत कवींनी मोत्यांच्या भावाने विकले. कशाचेही फळ नसलेला, नुसता शरीर बिघडल्याचा घाम कुठे ठेवायचा हे कोणी सांगितलेले नाही. स्टाफरूममध्ये सहकारी रुमाल पुढे करतात आणि नजर वळवतात. बाईने घाम लपवायचा असतो, ही समजूत अजून शाबूत आहे.

माझे माहेर रत्नागिरी जिल्ह्यातले. तिथला घाम दिसतो. हवाच ओली, घाम वाळायला जागा नाही, सकाळी दहाला घातलेला सदरा अकराला पिळावा. बावीस वर्षांपूर्वी लग्न होऊन नागपुरात आले, तेव्हा पहिल्या मे महिन्यात मला आश्चर्य वाटले होते की पारा पंचेचाळिशीला असूनही आपल्याला घाम कसा येत नाही! येत होता. कोरडी हवा तो आल्याआल्याच पिऊन टाकत होती आणि मागे कपाळावर मिठाची पूड ठेवत होती. हा न दिसणारा घाम मधुमेह्याला अधिक फसवतो. पाणी किती गेले याचा अंदाज येत नाही, रक्त घट्ट होते, साखरेचे प्रमाण चढते, चढलेली साखर बाहेर टाकण्यासाठी मूत्रपिंडे आणखी पाणी खर्च करतात आणि तहान वाढत जाते. म्हणजे उन्हात साखर उतरतेही आणि चढतेही. घाम दोन्हींचा साक्षीदार, पण साक्ष देताना एकच वाक्य बोलतो.

उपाय साधा आहे, पाणी पीत राहणे. तो किती अवघड आहे हे उन्हाळी परीक्षांच्या पर्यवेक्षणाला गेलेल्या कोणत्याही प्राध्यापिकेला विचारावे. एका केंद्रावर तीन तासांच्या पेपरला मी सलग आठ दिवस होते. तिथले स्त्रियांचे स्वच्छतागृह कुलूपबंद होते, किल्ली कोणाकडे असते हे कोणाला माहीत नव्हते. आम्ही चौघी जणी सकाळपासून पाणी न पिता येत असू आणि ही युक्ती एकमेकींना मोठ्या अनुभवाने सांगत असू. पाचव्या दिवशी माझी साखर ३४० होती. सहाव्या दिवशी मी केंद्रप्रमुखांसमोर उभी राहिले आणि किल्ली मागितली. किल्ली त्यांच्याच कप्प्यात होती.

उन्हाळ्यात पाहुणचार हीही एक परीक्षा. कैरीचे पन्हे, उसाचा रस, संत्र्याचे सरबत. विदर्भातली माया गोड आणि गार असते. नाही म्हटले की यजमानाचा चेहरा उतरतो. ताक चालते, तेही मीठ बेतानेच, कारण रक्तदाबाचे डॉक्टर वेगळे. आता मी पर्समध्ये साखरेच्या पुड्या घेऊन फिरते आणि पन्ह्याला नकार देते, यातला विनोद माझ्या नवऱ्याला अजून पुरतो.

एकदा दुपारी साखर तपासायला गेले तर यंत्रानेच तापमानाचे चिन्ह दाखवून काम नाकारले. चाळीस अंशांच्या वर त्यालाही जमत नाही. इन्शुलिनचेही तसेच. न उघडलेले फ्रिजमध्ये ठेवावे आणि वापरातले तिशीच्या आत, पण मे महिन्यात वीज गेली की घरात तिशी कुठून आणायची? सासूबाईंनी मोठ्या मडक्यात ओली वाळू भरून त्यात लहान मडके बसवून दिले. औषध त्यात, वर झाकण, भोवती ओले फडके. मडके पाझरते, पाझर वाळतो, वाळताना आतली उष्णता घेऊन जातो. थोडक्यात, मडक्याला घाम येतो म्हणून माझे औषध टिकते. रत्नागिरीच्या दमट हवेत हे इतके साधले नसते.

माझ्या वडिलांनाही मधुमेह होता. आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू. जेवायला बसले की दोन-चार घासांतच त्यांच्या कपाळावर, कानांमागे घाम जमे. आम्ही आईच्या आमटीला दोष देत असू. दहीभात खातानाही तो येई, तेव्हा मात्र कोणी काही म्हणत नसे. जेवताना येणारा असा घाम मधुमेहाने नसा बिघडल्याचे लक्षण असू शकतो, हे मला माझ्या आजारपणात समजले. त्यांच्या पायांची गोष्ट उलटी होती. पायांना घाम येतच नसे, आणि याचा त्यांना अभिमान होता. "माझ्या चपला बघ, दहा वर्षं झाली तरी वास नाही," असे ते पाहुण्यांना सांगत. १९९८च्या चैत्रात देवळाच्या अंगणात, तापलेल्या जांभ्या दगडावर, ते पालखीबरोबर अनवाणी चालले. संध्याकाळी आईला ओटीपासून माजघरापर्यंत ओली पावले दिसली. पाय धुऊन आले असतील असे समजून तिने फडक्याने ती पुसून टाकली. तासाभराने पुन्हा दिसली. तळपायांना आलेले फोड फुटून ते पाणी झिरपत होते आणि अण्णा शांतपणे बातम्या ऐकत होते. त्यांना काहीच जाणवले नव्हते. त्या पावसाळ्यात त्यांच्या उजव्या पायाची दोन बोटे काढावी लागली.

गेल्या मार्चमध्ये मी डॉक्टरांकडे तक्रार घेऊन गेले होते, की डोके, मान, पाठ यांना घाम फार येतो, उन्हाळा सुरूही झाला नाही तोवर पदर भिजतो. त्यांनी ते ऐकून घेतले आणि विचारले, "आणि पायांना?"

मला सांगता येईना. नसलेला घाम कोण लक्षात ठेवतो? त्यांनी चप्पल काढायला सांगितली, तळव्यांवरून बोट फिरवले आणि मग डोळे मिटायला सांगून नायलॉनचा एक बारीक धागा जागोजागी टेकवू लागले. टेकला की 'हो' म्हणायचे. मी 'हो' म्हणत होते. नंतर त्यांनी सांगितले की डाव्या पायावर तीन ठिकाणी आणि उजव्यावर दोन ठिकाणी मी काहीच म्हटले नाही. पायांच्या नसा मंदावल्या की तिथला घाम आटतो, आणि अंग थंड ठेवण्याचे सगळे काम वरच्या भागावर येते. ज्या घामाची मी तक्रार करत होते तो पायांच्या वाट्याचाही होता.

आता अनवाणी चालायचे नाही, घरातसुद्धा. गच्चीवर तर मुळीच नाही. रात्री पाय धुऊन, बोटांच्या बेचकळ्या कोरड्या करून, भेगांना मलम लावायचे आणि तळवे तपासायचे. आरशात नीट दिसत नाही. हे काम सासूबाईंनी स्वतःकडे घेतले आहे. त्या ब्याऐंशी वर्षांच्या आहेत, मोतीबिंदू काढल्यापासून त्यांना फार बारीक दिसते, आणि ते वापरायला त्यांना काहीतरी हवेच होते. पहिल्या रात्री मी पाय पुढे करायला तयार नव्हते. बावीस वर्षे ज्यांच्या पाया पडले त्यांच्या मांडीवर पाय कसा ठेवायचा? "ठेव वं," त्या म्हणाल्या, "मले काय पुण्य कमी पडते का?" आणि बॅटरी पेटवली.

अण्णांची गोष्ट मी त्यांना सांगितली होती. त्यामुळे दुपारी मी न्हाणीघरातून बाहेर आले आणि चप्पल घालण्याआधी फरशीवर दोन-तीन ओली पावले उमटली, की दिवाणावरून आवाज येतो, "हे पाणी कायचं आहे वं?" मी पाय धुतल्याचे सांगते. त्या विश्वास ठेवत नाहीत. भिंतीला धरून उठतात, वाकून बोट फरशीवर टेकवतात आणि नाकाशी नेतात.