पुस्तक मिटल्यावर

परीक्षांचे दिवस जवळ आले की आमच्या अंत्रूज महालातील देवळांच्या अग्रशाळांत रात्री उशिरापर्यंत दिवे दिसू लागतात. घरात जागा अपुरी आणि मोबाइलचा गलबला मोठा, म्हणून मुले तेथे येऊन बसतात. पुढ्यात पुस्तक असते, ओठ हलत असतात, आणि त्यांना पाहून आईबापांच्या जिवाला समाधान वाटते की अभ्यास चालला आहे. या समाधानाविषयीच मला चार शब्द लिहावयाचे आहेत. वकिलीच्या व्यवसायात माणसाच्या स्मृतीशी रोजचा संबंध येतो. पुस्तक पुढ्यात असणे आणि ते डोक्यात असणे या दोहोंमधील अंतर तेथे फार लवकर कळते.

साक्षीदाराच्या सरतपासणीत सूचक प्रश्न विचारू नयेत, असा आमच्याकडे जुना दंडक आहे. तो १८७२ च्या पुरावा अधिनियमात होता आणि त्याच्या जागी आलेल्या २०२३ च्या भारतीय साक्ष अधिनियमातही, कलम १४६ मध्ये, कायम आहे. सूचक प्रश्न म्हणजे ज्याच्या पोटातच उत्तर दडलेले असते असा प्रश्न. “त्या दिवशी तिन्हीसांजेला तुम्ही आरोपीला तळीपाशी पाहिलेत ना?” असे विचारले की साक्षीदार मान डोलावतो. त्या डोलावण्याला पुराव्याच्या दृष्टीने किंमत नाही. कारण आठवले कोणाला, साक्षीदाराला की वकिलाला, हेच समजत नाही. त्याऐवजी “तुम्ही काय पाहिलेत?” एवढेच विचारून वकील गप्प बसला, म्हणजे मग जे काही बाहेर पडते ते साक्षीदाराचे स्वतःचे असते.

एकदा वाचलेला धडा आपण पुन्हा वाचतो, तेव्हा पुस्तक आपल्याला ओळीओळीला सूचक प्रश्नच विचारीत असते. ‘हे तुला ठाऊक आहे ना?’ असे ते म्हणते आणि आपले मन ‘होय, होय’ म्हणून मान डोलावते. तिसऱ्या वाचनाला तर ते इतक्या आनंदाने डोलते की सारा विषय मुठीत आला असे वाटू लागते. वस्तुतः तेथे ओळख पटलेली असते, आठवण झालेली नसते. रस्त्यात भेटलेला मनुष्य ओळखीचा वाटणे निराळे आणि त्याचे नाव ओठावर येणे निराळे, हे तुम्हां आम्हां सर्वांच्या अनुभवाचे आहे. परीक्षक नाव विचारतो.

आपल्या भाषेत या कामाला उजळणी हा किती अचूक शब्द आहे! जत्रेच्या आधी देवळातील समया उजळतात, तेव्हा त्यांच्याकडे नुसते पाहत बसून कोणी त्या उजळीत नाही. चिंच लावून हात दुखेपर्यंत घासावे लागते. माझे आजोबा आम्हां नातवंडांकडून दिवेलागणीनंतर परवचा म्हणवून घेत. शुभंकरोति झाली, तिथी-वार-नक्षत्र झाले की पावकी, निमकी, सवायकी, दिडकी आणि शेवटी ती दुष्ट औटकी. त्या वेळी कोणाच्या हाती पुस्तक दिसले तर ते एवढेच म्हणत, “पुस्तक धांप आनी सांग.” पोर्तुगीज अमदानीत मराठी शाळा देवळांच्या मंडपांत आणि कोणाच्या तरी ओसरीवर भरत. अशाच एका ओसरीवर ते शिकले होते. क्रम मोडून मध्येच “सात औटे किती?” असे ते विचारीत. साडेचोवीस हे उत्तर यावयास उशीर लागला तर रागावत नसत, पण दुसऱ्या दिवशी पहिला प्रश्न तोच असे.

हे सारे आठवावयास कारण झाला तो एका भटजींचा मुलगा. आमच्या भागातील एका देवळात या घराण्याकडे परंपरेने पूजेची पाळी असते. मुलगा कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला दोन विषयांत नापास झाला आणि बापलेकांत बोलणे बंद झाले. पुढे एके दिवशी भटजी स्वतः माझ्या कचेरीत आले. “वकीलसाहेब, माझे गुडघे आता गाभाऱ्याचा उंबरठा ओलांडताना कुरकुरतात,” ते म्हणाले. “या खेपेस तो उतरला नाही तर पूजेला उभा राहील, दुसरा उपाय नाही. पण नापास झाला म्हणून पूजेला आला, असे गावाने म्हणावे, हे देवालाही कमीपणाचे आहे.” त्यांच्या या बोलण्याने मी निरुत्तर झालो. पूजा ही कमी प्रतीची वृत्ती आहे असे त्यांना वाटत नव्हते; उलट ती इतकी मोठी आहे की हरलेल्या माणसाने तिच्या आश्रयाला येऊ नये, असे त्यांचे म्हणणे होते.

मुलगा संध्याकाळी पुस्तके घेऊन आला. आळशी म्हणावे तर तसा मुळीच नव्हता. रोज सात-आठ तास बसत असे. पुस्तकात मात्र एकही ओळ पांढरी राहिली नव्हती. व्याख्येला पिवळा रंग, अपवादाला हिरवा, निवाड्यांना गुलाबी, आणि फार महत्त्वाचे असेल त्याला निळा. होळीनंतरच्या अंगणासारखे ते पान दिसत होते. मी पुस्तक मिटले आणि चोरीची व्याख्या विचारली. “काका, ती डाव्या पानावर वरच्या बाजूला आहे,” तो म्हणाला. जागा आठवत होती, रंग आठवत होता, व्याख्या आठवत नव्हती.

मग मी विचारले, “पवमान येते का?” त्याने मान वर केली आणि जेथून सांगाल तेथून म्हणून दाखवले. लहानपणी वडिलांकडे त्याची संथा झाली होती, काही भागांची तर क्रमापर्यंत. पहिले पद दुसऱ्याशी, दुसरे तिसऱ्याशी, तिसरे चौथ्याशी असे जोडीत जाणे म्हणजे क्रम. पहिले-दुसरे, दुसरे-पहिले, पुन्हा पहिले-दुसरे अशी वीण घातली की जटा, आणि त्यात तिसरे पद ओवून पुढे-मागे जाऊ लागले की घन. गुरूने एकदा म्हणावे, शिष्याने दोनदा म्हणावे, आणि शिष्याचे डोळे पोथीकडे न जाता गुरूच्या मुखाकडे असावेत. ही मौखिक परंपरा इतकी नेमकी की युनेस्कोने २००३ मध्ये वेदपठणाला मानवतेचा वारसा म्हणून गौरविले. या मुलाच्या घरात ती विद्या ओटीवर बसली होती आणि तो मात्र चार रंगांच्या लेखण्या विकत आणीत होता!

विसरण्याचा हिशेब प्रथम कागदावर मांडला तो जर्मनीतील हर्मान एबिंगहाउस याने, १८८५ साली. निरर्थक अक्षरांच्या माळा तो स्वतःच पाठ करी आणि काही काळाने पुन्हा पाठ करताना किती श्रम वाचले हे मोजी. एका दिवसानंतर जेमतेम एक तृतीयांश श्रम वाचत, महिन्यानंतर एक पंचमांश. म्हणजे गळती लागते ती पहिल्या दिवशीच, पुढे ती मंदावते. अमेरिकेतील रोडिगर आणि कार्पिक या दोघा मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग तर प्रत्येक अग्रशाळेच्या भिंतीवर लावण्याजोगा आहे. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा चार वेळा वाचला. दुसऱ्यांनी तो एकदाच वाचला आणि नंतर तीन वेळा, उतारा समोर नसताना, आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी पाहिले तेव्हा वाचणाऱ्यांना शेकडा ८३ भाग आठवत होता, लिहिणाऱ्यांना ७१. आठवड्याने पाहिले तेव्हा वाचणारे ४० वर आले होते आणि लिहिणारे ६१ वर राहिले होते. गंमत अशी की आपल्याला पुढे चांगले आठवेल अशी खात्री वाचणाऱ्यांनाच अधिक होती. पुढे २०१३ मध्ये डनलॉस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा रीती तपासल्या. त्यांत स्वतःची परीक्षा घेणे आणि अंतराअंतराने अभ्यास करणे या दोन रीती वरच्या ठरल्या. ओळी रंगविणे आणि नुसते पुन्हा वाचणे या दोन्ही खालच्या.

परीक्षेच्या दारात उभे राहून शेवटची पाने चाळणारी मुले अगदीच मूर्ख नसतात, हेही यावरून दिसते. पाच मिनिटांपुरता त्यांचा हिशेब बरोबर आहे. पण अशील दहा वर्षांनी येतो.

मला स्वतःला पुन्हा विद्यार्थी व्हावे लागले ते १ जुलै २०२४ पासून. त्या दिवशी भारतीय दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली. ५११ कलमांच्या जागी ३५८. खुनाच्या शिक्षेचे ३०२ हे कलम चित्रपटांमुळे पोरासोरांनाही ठाऊक होते, ते आता १०३ झाले. आणि नव्या संहितेतील ३०२ हे धार्मिक भावना दुखविण्याच्या हेतूने उच्चारलेल्या शब्दांविषयी आहे. जुन्या प्रक्रिया संहितेतील ४८२ म्हणजे उच्च न्यायालयाचे अंगभूत अधिकार. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ४८२ म्हणजे अटकपूर्व जामीन. शिवाय जुने पुसूनही चालत नाही, कारण त्या तारखेपूर्वी घडलेल्या गुन्ह्याला जुनीच दंड संहिता लागू. वाचताना दोन्ही संहिता स्वच्छ कळतात. घोटाळा होतो तो न्यायाधीशांसमोर तोंड उघडताना.

मी जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठींचे तुकडे केले. एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर. सेबास्टियन लाइटनर या जर्मन लेखकाने १९७२ मध्ये सांगितलेली कप्प्यांची पेटी केली: उत्तर बरोबर आले की चिठ्ठी पुढच्या कप्प्यात, म्हणजे अधिक दिवसांनी भेटणार, चुकले की पुन्हा पहिल्या कप्प्यात, म्हणजे उद्याच भेटणार. हेच काम करणारी साधने आता मोबाइलवर आहेत, पण मला पत्रिकांची गोडी वाटली. कचेरी बंद करताना माझा कारकून वाटेल ती चिठ्ठी काढून विचारीत असे, आणि मी अडखळलो की त्याच्या मुद्रेवर जो आनंद दिसे तो वेतनवाढीच्या दिवशीही दिसला नव्हता.

तीच पेटी मी त्या मुलाला दाखविली. व्याख्यांची संथा घ्यावी, एका दिवसाने, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने. आणि प्रत्येक वेळी आधी म्हणावे, नंतर पाहावे. आठवत नाही म्हणून जीव कासावीस होतो, तेवढा वेळ पुस्तकाला हात लावू नये. अभ्यासातला कस लागतो तो त्याच अवघड क्षणी, आणि मुले नेमका तोच टाळतात.

पाठांतराची मर्यादा मात्र मी त्याच्यापासून लपविली नाही. घनपाठ्याला प्रत्येक वेळी अर्थ सांगता येतोच असे नाही, आणि न्यायालयात अर्थाशिवाय पाऊल टाकता येत नाही. सुदैवाने आमच्या संहितेत उदाहरणे दिलेली आहेत. एक मला फार आवडते. ‘ए’ने खिशात कुत्र्याला भुलविणारे खाद्य ठेवले आणि ‘झेड’चा कुत्रा त्याच्या मागोमाग चालू लागला. कुत्रा अप्रामाणिकपणे नेण्याचाच हेतू असेल, तर चोरी घडली केव्हा? कुत्रा चालू लागला त्याच क्षणी. उत्तरावर हात ठेवून असे प्रश्न सोडवावेत, आणि चोरी, अफरातफर, फसवणूक यांची उदाहरणे एकत्र मिसळून घ्यावीत. चोरीच्या प्रकरणाखाली चोरीच असणार हे कोणीही ओळखील.

दोन आठवड्यांनी मुलाने सांगितले की चिठ्ठ्या आता घरी वडीलच घेतात. मला नवल वाटले, म्हणून एका संध्याकाळी गेलो. भटजी ओटीवर गुडघ्याखाली उशी घेऊन बसले होते, हातात कोणाच्या तरी मुंजीची पत्रिका, डोळ्यांवर चष्मा. मुलगा समोर मांडी घालून चोरीची व्याख्या म्हणत होता. ‘संमतीशिवाय’ हा शब्द गळला. भटजींनी बोट वर केले. मुलगा थांबला, मागे गेला, पुन्हा पहिल्यापासून म्हणाला. कायद्यातले त्यांना काही कळत नव्हते. पण शब्द गळला तर पुढे जाऊ द्यावयाचे नाही, हे त्यांना साठ वर्षे कळत होते. बापलेकांचे बोलणे पुन्हा सुरू झाले होते, म्हणावयाचे तर एवढेच: एकजण विचारीत होता आणि दुसरा सांगत होता.

कुत्र्याच्या उदाहरणावर मात्र भटजींना शंका होती. “कुत्रा आपखुशीने गेला तर चोरी कशी?” असे त्यांनी मलाच विचारले. मी मुलाकडे पाहिले. त्याने पेटीला हात न लावता त्यांना समजावून सांगितले: संमती लागते ती कुत्र्याची नव्हे, धन्याची. भटजींनी थोडा विचार केला आणि ती चिठ्ठी पुढच्या कप्प्यात टाकली.

परीक्षा पुढच्या महिन्यात आहे. सध्या एवढीच अडचण आहे की अष्टमी, चतुर्दशी आणि प्रतिपदेला भटजी पेटी उघडू देत नाहीत. अनध्याय तो अनध्याय, मग तो न्याय संहितेचा का असेना. त्या दिवशी मुलगा माझ्या कचेरीत येतो आणि आम्ही ‘ए’ आणि ‘झेड’ यांची भांडणे सोडवीत बसतो.