पुस्तक ब्योमकेशचं, प्लॅनिंग वर्ध्याचं

आम्ही चौघं वर्ध्याचे. आता मी पुण्यात, एक हैदराबादला, एक नागपुरात आणि एकजण अजून घरीच. गेले चार महिने रविवार रात्रीच्या आमच्या कॉलवर अप्रेझल आणि ईएमआय हे विषय बॅन आहेत. एकच विषय, ब्योमकेश बक्षी.

दूरदर्शनवरची बासू चटर्जींची ती सीरियल, 1993 ची. धोतरातला रजित कपूर, अजित म्हणजे के. के. रैना आणि सत्यवती आपली सुकन्या कुलकर्णी. आमच्यातल्या दोघांनी तर ती 2020 च्या लॉकडाऊनमध्ये, पुन्हा दाखवली तेव्हाच पहिल्यांदा पाहिली. तेव्हापासून डोक्यात किडा, की फॅन्सनी लिहिलेलं एक पुस्तक काढायचं. मराठीत. खिशातले पैसे घालून, दोनशे प्रती.

एपिसोडवार लिहायचं नाही, हे पहिल्याच दिवशी ठरलं. कुणी कुणाला मारलं ते नेटवर मिळतं की! आपण थीम घ्यायच्या. एक प्रकरण हत्यारांवर. 'रास्ते का काँटा'मधली सायकलच्या घंटीतून सुटणारी ग्रामोफोनची पिन आठवते? भन्नाट! एक खोट्या नावांवर. शरदिंदू बंद्योपाध्यायांच्या 'सत्यान्वेषी' कथेत ब्योमकेश मेसमध्ये येतो तोच 'अतुल' बनून, पक्क्या हेरासारखा. अजितच्याच खोलीत राहतो आणि अजितला पत्ता नाही. तरी या माणसाला डिटेक्टिव्ह म्हटलेलं चालत नाही. सत्यान्वेषीच म्हणायचं.

वर्ध्यावर प्रकरण हवंच, हा घरी राहिलेल्याचा हट्ट.

"अबे, कलकत्त्याच्या गोष्टीत वर्धा कुठून आणतो?"

त्याच्याकडे उत्तर तयार. श्याम बेनेगल यांच्या 1996 च्या 'द मेकिंग ऑफ द महात्मा'मध्ये गांधीजी झालाय तो रजित कपूरच. त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला त्याला. सेवाग्राम आमच्यापासून आठ किलोमीटर. आपला ब्योमकेशच बापू निघाला, यावर वर्धेकरांनी नाही लिहायचं तर कुणी? पास.

गाडी अडली ती अजितवर. ब्योमकेशचं लग्न होतं, तरी अजित त्याच घरात राहतो. सत्यवतीलाही त्यात काही वावगं वाटत नाही. हैदराबादवाल्याचं लग्न डिसेंबरात आहे. हे प्रकरण मला हवं होतं आणि त्यालाही. रात्री साडेबारापर्यंत घासाघीस.

"तूच अजित आहेस बे, तुला काय लिहिता येणार," तो म्हणाला.

"आणि तू वहिनींना विचारलं का, अजित चालेल का घरात म्हणून?"

यावर बराच वेळ कुणी बोललंच नाही. नागपूरवाल्याने तर चक्क म्यूट केलं.

शेवटी तोडगा निघाला. ब्योमकेशच्या बाजूने त्याने लिहायचं, अजितच्या बाजूने मी, आणि सत्यवतीची बाजू वहिनींकडून मागवायची. त्यांनी सीरियल पाहिलेलीच नाही. त्या म्हणाल्या, आधी सगळे भाग पाहते, मग सांगते.

काल त्यांचा मेसेज आला. सुरुवातीचे काही भाग झालेत. अजून सत्यवती आलेली नाही, पण अजित आवडलाय.