अपसव्य

आजीचा पाट वाळवीने पोखरला, तेव्हा तसाच दुसरा आपल्या हातांनी करायचं मी मनावर घेतलं. सागवानाची फळी, खाली दोन पट्ट्या. कड मात्र आजीच्या पाटासारखीच गोल हवी होती, मांडीला न रुतणारी. जुन्या पाटाला ती रंध्याने आली असणार. माझ्या हातात राउटर होता, फिरत्या पात्याने लाकडाची कड कोरणारं विजेचं यंत्र.

रंधा मी मारलेला होता. लाकडाच्या रेषेच्या कलाने गेलं की तो लोण्यासारखा चालतो, हे हाताला ठाऊक होतं. म्हणून राउटरलाही मी सोपी वाट शोधली आणि तो उजवीकडून डावीकडे नेला. मिनिटाला 20,000 फेरे घेणारं त्याचं पातं, म्हणजे बिट, चाकासारखं कडेवर चढलं आणि जू झुगारलेल्या बैलासारखं यंत्र हातातून पुढे पळालं. कोपऱ्याची नखाएवढी ढलपी उडाली. बोटं वाचली, पण कितीतरी वेळ ती माझी वाटत नव्हती.

सुतारमामांनी ढलपी उचलून पाहिली. “मशीन मागं रेटतंय का, ते बघ. रेटत असलं तर दिशा बरोबर. ओढायला लागलं की हात थांबव.”

वरून पाहिलं तर बिट घड्याळाच्या काट्यांसारखं फिरतं. कड आपल्याकडे असली, तर राउटर डावीकडून उजवीकडे न्यायचा. मग लाकूड अडतं, आणि त्या अडण्यानेच यंत्र कडेला बिलगून राहतं. म्हणजे पाटाभोवतीचा फेरा प्रदक्षिणेच्या उलट, अपसव्य. देव्हाऱ्याच्या चौकटीची आतली कड असेल तर मात्र सव्य. किती जुने शब्द, आणि या नव्या यंत्राला किती चपखल बसले!

आधी आखूड बाजू घेतल्या. तिथे रेषा तुटतात, कोपरा फुटतो. मागून लांब बाजू घेतली की फुटलेलं बरंचसं निघून जातं. एका दमात सगळं लाकूड काढलं नाही, बिट थोडं थोडं खाली उतरवत गेलो. प्रत्येक फेऱ्यात लाकडाचा रेटा मनगटापर्यंत येत होता. समोर कुणीतरी आहे, असं वाटत होतं.

बटण बंद केल्यावरही बिट काही क्षण फिरत राहतं. ते पुरतं थांबेपर्यंत मी यंत्र धरून उभा होतो. भुशाला सागाचा, नव्या चामड्यासारखा वास येत होता.